जुना बेलर घेताना बसलेला फटका: सैल स्प्रिंगा आणि घासलेला बोल्ट

खरा आकडा सांगायची लाज वाटते, म्हणून शंभराच्या हिशोबात सांगतो. गवत दाबून चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर 100 ला ठरला. 30 आगाऊ, 70 यंत्र उचलताना, सगळे रोख. दुरुस्तीला आणखी 67 गेले. नॉटर (दोरीची गाठ मारणारा भाग) खोलून बसवणाऱ्या माणसाला असं गंडवलं जातं, हे लिहिताना हात जड होतोय.

विकणाऱ्याने यंत्र गवतावर चालवून दाखवलं. 9 गठ्ठे काढले, 9 ही बांधलेले, एकही गाठ सुटली नाही. ‘चालू स्थितीत’ म्हणजे आणखी काय हवं, असं कुणालाही वाटेल. कापलेलं गवत शेतात पसरलेलं, वर आभाळ भरलेलं. अशा वेळी नवव्या गठ्ठ्यानंतर माणूस खिशात हात घालतोच.

पण त्या 9 गठ्ठ्यांतला एकही दोरीला धरून उचलला नाही. उचलला असता तर मधे झोळीसारखा लोंबला असता. गठ्ठा जिथून बाहेर येतो तिथल्या दाब देणाऱ्या दोन स्प्रिंगा इतक्या सैल होत्या की त्यांचे हँडल एका बोटाने फिरत होते. मी ते फिरवलंही! ‘गवत हलकं आहे, म्हणून ढिलं ठेवलंय’, असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. दाब नसला की दोरीवर ताण नसतो, आणि ताण नसला की झिजलेला नॉटरसुद्धा गुमान गाठ मारतो.

घरच्या गवतावर दाब नेहमीइतका केला आणि तेविसाव्या गठ्ठ्यापासून दोरी निसटायला लागली. चकतीच्या खाचांत दोरी धरून ठेवणारा धारक झिजलेला होता. इथे लोक लगेच धारकाची स्प्रिंग आवळतात. झिजलेल्या चकतीवर आवळाल तर दोरी तिथेच कातरून तुटते. टोक स्वच्छ, सरळ आलं तर ती निसटलीय. पिंजलेलं आलं तर धारक जास्त घट्ट आहे किंवा चकतीच्या कडा खरबरीत आहेत. गाठ नीट बसून बिल हुकवरच (गाठ वळणाऱ्या चोचीसारख्या हुकवर) अडकून राहत असेल तर गाठ ओढून काढणारा हात हुकला घासून जातोय का ते बघा. मधे फट दिसली तर हात किंचित वाकवावा लागतो. आमच्या बिल हुकवर दोरीने खोबणी पाडली होती, त्यावर नवा रंग मारलेला. नॉटरवर ताजा रंग दिसला तर सौदा तिथेच थांबवा. चालत्या नॉटरवर रंग टिकत नाही, दोरी तो खरवडून काढते.

खरा घाव एकसष्टाव्या गठ्ठ्याला बसला. दोरी नॉटरपर्यंत नेणाऱ्या सुयांच्या ब्रेकच्या पट्टीला तेल लागलेलं होतं. सुया जागेवर थांबायला हव्यात, त्या सरकत सरकत गठ्ठ्याच्या कप्प्यात आल्या. अशा वेळी सुरक्षेचा अडसर प्लंजरला (गवत ठोकून दाबणाऱ्या दट्ट्याला) अडवतो आणि फ्लायव्हीलचा (जड फिरत्या चाकाचा) शेअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. आमचा तुटला नाही. मऊ बोल्टच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घातलेला, आणि डोक्यावरचे 8.8 सारखे आकडे घासून सपाट केलेले. अडसर मोडला, दोन्ही सुया वाकल्या, गिअरबॉक्सचे दात गेले. तो सपाट बोल्ट सौद्याच्या वेळी मी पाहिला होता. गंज काढला असेल, असं वाटलं. गंज काढायला ग्राइंडर कोण लावतं?

67 चा हिशोब: बिल हुक, चकत्या आणि धारक 14, सुया आणि अडसर 11, प्लंजरची बेअरिंगं आणि गवत कापणारे दोन्ही चाकू 9, गिअरबॉक्स 33. बेअरिंगं झिजली की प्लंजर कप्प्यात डुलतो आणि दोन चाकूंमधली फट वाढते. ती मिलिमीटरच्या आत हवी, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. फट वाढली की गवत कापलं न जाता ओढलं जातं आणि गठ्ठ्याच्या एका कडेला शेपट्या लोंबतात. त्या 9 गठ्ठ्यांनाही शेपट्या होत्या. असो.

तक्रारीचं तर विचारूच नका. पहिल्या टेबलावर ‘हा दिवाणी मामला आहे’. दुसऱ्यावर ‘जुनं यंत्र आहे, जसं आहे तसं घेतलंत’. तिसऱ्याने पावती मागितली. रोख व्यवहाराची पावती विकणाऱ्याने दिली नव्हती, आणि ती मागितली नाही हा म्हणे माझाच दोष. बोल्ट टेबलावर ठेवला तर साहेब म्हणाले, ‘बोल्ट तर चांगला मजबूत दिसतोय.’ तीच तर फसवणूक आहे, हे 3 वेळा समजावलं. मग तज्ज्ञाचा लेखी दाखला आणा म्हणाले. कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीवाल्याने बोल्ट पाहून तोंडी शिव्या घातल्या, पण लिहून द्यायला नकार दिला. पाचव्या खेपेला तक्रार घेतली, त्यात यंत्राचं नाव लिहिलं ‘गवत कापणी यंत्र’. दुरुस्त करा म्हटलं तर नवा अर्ज करा. विकणारा सांगतो, ‘तुम्हाला चालवता आलं नाही’, आणि ते मात्र जसंच्या तसं नोंदवून घेतलं!

यंत्र बघायला जाल तेव्हा ट्रॅक्टर बंद करून पीटीओचा दांडा (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा) काढायला लावा. नॉटर हाताने सोडा, म्हणजे गाठ मारायला लावा, आणि फ्लायव्हील चालण्याच्या दिशेने हातानेच फिरवत पूर्ण फेरी करा. सुया प्लंजरच्या खाचेतून कुठेही न घासता जायला हव्यात. वेळ साधणारी साखळी एक दात जरी चुकली असेल तरी इथे कळतं. बिल हुक बोटांत धरून हलवा. खडखडला तर किंमत पाडू नका, सरळ परत फिरा. शेअर बोल्ट काढून खिशात टाका आणि स्वतः नेलेला नवा घाला. विकणारा नको म्हणाला तर कारण विचारत बसू नका. मग स्प्रिंगा आवळून निदान 30 गठ्ठे काढायला लावा, स्वतःच्या दोरीवर. क्रमांकाच्या पाटीचे रिव्हेट नवे दिसले तर यंत्र कुणाचं आहे ते आधी शोधा.

त्याच माणसाची परवा नवी जाहिरात आली आहे. रंग ताजा, ‘शेतात चालवून दाखवू’. फोटोत मागच्या दोन्ही स्प्रिंगा दिसतात. सैल आहेत.