एआरपी-स्कॅन: घरातले रास्पबेरी पाय शोधताना आलेला आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकला आमच्या घरात तीन रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डावरचे छोटे संगणक, चालतात. खाली राउटरशेजारी पाय ३ बी आहे, त्यावर जाहिराती अडवणारं पाय-होल. माझ्या खोलीत पाय ४, घरातल्या फोटोंच्या बॅकअपसाठी. आणि गच्चीवर प्लास्टिकच्या डब्यात पाय झिरो डब्ल्यू, टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायला. तिन्हींना मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. काहीही करायचं तर लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून दुसऱ्या संगणकात जाऊन आज्ञा देण्याची सोय) आत शिरायचं, आणि त्यासाठी बोर्डाचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, ठाऊक हवा. पाय-होलला पहिल्या दिवसापासून कायमचा आयपी दिला होता. बाकी दोघांचे मात्र वीज जाऊन आली की बदलायचे. मग सासूबाईंची हाक यायची, "अगं, टाकीचा आकडा सकाळपासून हलला नाहीये."

त्या हाकेला पटकन उत्तर देता यावं म्हणून मी एआरपी-स्कॅन हे नेटवर्कवरची यंत्रं शोधणारं लिनक्सवरचं साधन वापरायला घेतलं. आठ महिने झाले. अजून तेच वापरते.

काम साधं आहे. आपल्या नेटवर्कमधल्या प्रत्येक आयपीच्या नावाने ते पुकारा करतं: हा आयपी कोणाचा? ज्याचा असेल तो स्वतःचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सांगतो. एआरपी ही अशा पुकाऱ्याची १९८२ पासून ठरलेली पद्धत आहे आणि आयपीव्ही४ वर (आयपीच्या नेहमीच्या प्रकारावर) बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला तिला उत्तर द्यावंच लागतं. पिंगला ("आहेस का?" असं विचारणारा साधा संदेश) फायरवॉल गप्प बसवू शकते, एआरपीच्या बाबतीत तसं सहसा घडत नाही. घरच्या नेटवर्कचे २५६ पत्ते साधारण दोन सेकंदांत तपासून होतात. समोर तीन रकाने येतात: आयपी, मॅक अ‍ॅड्रेस, बनवणारी कंपनी. मॅकची सुरुवात बी८:२७:ईबी असेल तर पाय ३ किंवा त्याआधीचा बोर्ड, डीसी:ए६:३२ असेल तर पाय ४. नव्या बोर्डांवर ई४:५एफ:०१ आणि डी८:३ए:डीडी हेही दिसतात. आज्ञेच्या आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावायला विसरू नका, त्याशिवाय ते चालत नाही.

हे सगळं पहिल्याच दिवशी जमलं असतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या दिवशी यादीत एकच ओळ आली, तीही १७२ ने सुरू होणाऱ्या आयपीची. आमच्या घरात तसा आयपी कोणाचाच नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे आणि लिनक्स मी डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय, यातून चालवत होते. ते स्वतःचं वेगळं आभासी नेटवर्क उभं करतं. स्कॅन त्या आभासी खोलीत फिरत होता आणि तिथे जे एकमेव दार होतं त्यानेच उत्तर दिलं होतं. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतला आभासी संगणक) नॅटवर, म्हणजे लॅपटॉपच्या आडून नेटवर्कला जोडून, ठेवलं तरी हेच होतं. मी सरळ पाय ४ वर एआरपी-स्कॅन बसवलं आणि तिथून चालवू लागले. तेव्हा यादीत पाय ४ स्वतः दिसेना! त्यात बिघाड काही नव्हता. ज्या यंत्रावरून स्कॅन करता ते यंत्र यादीत येतच नाही, कारण पुकारा करणारा स्वतःला उत्तर देत नाही. तिन्हींपैकी दोनच मोजून घाबरू नका.

दुसरी अडचण वरच्या मजल्याची. सिग्नल पोचत नव्हता म्हणून वर दुसरा राउटर लावला आणि त्या दिवसापासून गच्चीवरचा बोर्ड यादीतून गेला. तो नीट चालू होता, त्याचा हिरवा दिवाही लुकलुकत होता. खालच्या राउटरचे आयपी १९२.१६८.१ ने सुरू होतात, वरचा मात्र १९२.१६८.० ने स्वतःचे आयपी वाटत होता. म्हणजे घरात दोन नेटवर्क झाली होती, आणि एआरपीचा पुकारा राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. वरच्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटण्याचं काम, बंद केलं, खालून आलेली केबल वॅन पोर्टमधून (बाहेरच्या जोडणीची खाच) काढून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांची खाच) लावली, घर पुन्हा एक झालं. गेस्ट वायफायवर जोडलेल्या यंत्रांचीही हीच गत होते. तिथे राउटर त्यांना एकमेकांशी बोलूच देत नाही.

सर्वात जास्त वेळ मात्र खाल्ला तो पाय झिरोनेच. एका स्कॅनमध्ये दिसायचा, पुढच्यात नाही. दिसला तेव्हा एसएसएचने आत गेलं की व्यवस्थित चालायचा. मी चार्जर बदलला, मेमरी कार्ड बदललं, डबा उलटा ठेवून पाहिला. शेवटी स्कॅनची पुनरावृत्ती पाचवर नेली (--रिट्राय हा पर्याय, मुळात तो दोनवर असतो) आणि तो दर वेळी यायला लागला. कारण कळल्यावर फार बरं वाटलं. एआरपीचा पुकारा सगळ्यांसाठी एकदमच असतो आणि वायफायवर असा सामायिक संदेश पोचला की नाही याची पोच राउटर मागत नाही. हरवला तर हरवला, तो पुन्हा पाठवला जात नाही. त्यात पायचं वायफाय वीज वाचवायला मधूनमधून डुलकी घेतं, आणि गच्चीवर सिग्नल आधीच क्षीण. पायवरची जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २, म्हणजे बंद, अशी केली. तेव्हापासून पहिल्याच पुकाऱ्याला ओ येते.

जूनमध्ये एका रात्री पावसात वीज तीनदा गेली. सकाळी पाय झिरो पूर्ण गायब. पुनरावृत्ती दहावर नेली तरी शुकशुकाट. बाकी सगळे होते, फोनसुद्धा त्याच वायफायवर मजेत. इथे एआरपी-स्कॅनच्या रिकाम्या उत्तराचा खरा उपयोग झाला. आयपी बदलला असता तर तो दुसऱ्या आयपीवर दिसला असता. अजिबातच दिसत नाही याचा अर्थ तो वायफायला जोडलेलाच नाही. मग शोध वायफायच्याच दिशेने गेला. राउटरने पुन्हा सुरू होताना आपणहून १३ वं चॅनल निवडलं होतं. भारतात ते चालतं. कार्ड तयार करताना मी मात्र देश अमेरिका ठेवला होता, आणि तिथल्या नियमांप्रमाणे बोर्ड ११ च्या वरच्या चॅनलकडे बघत नव्हता. कार्डावर देशाचा कोड आयएन केला, राउटरचं चॅनल ६ वर पक्कं केलं. तुम्ही रास्पबेरी पाय इमेजरने कार्ड बनवत असाल तर वायफायखालचा देश हा रकाना नक्की पाहा.

काही लहान गोष्टी. कंपनीच्या रकान्यात अननोन आलं तर घाबरू नका, सोबतची यादी जुनी असते. गेट-ओयूआय ही आज्ञा चालवून ती ताजी करता येते. फोन हल्ली वायफायवर बनावट मॅक वापरतात. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा एखादा फोन, त्याच्यामागे लागू नका. बोर्ड सापडला पण एसएसएच नकार देतंय, तर दोष स्कॅनचा नाही: २०१६ च्या अखेरपासून एसएसएच मुळात बंदच असतं आणि एप्रिल २०२२ पासून 'पाय' नावाचा तयार वापरकर्ताही मिळत नाही, दोन्ही इमेजरमध्येच भरावं लागतं.

एनमॅप हे नेटवर्क तपासणारं दुसरं साधनही वापरून पाहिलं. सुडोने चालवलं तर घरच्या नेटवर्कवर तेही एआरपीच वापरतं, शिवाय उघडे पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावर कोणत्या सेवा चालू आहेत, तेही सांगतं. पण रोज सकाळी फक्त "कोण कोण आहे?" एवढंच विचारायचं असेल तर मला एआरपी-स्कॅनचं तीन रकान्यांचं उत्तर आवडतं. एकच बोर्ड असेल तर आधी रास्पबेरीपाय.लोकल हे नाव वापरून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. आमच्याकडे दोन कार्डांवर तेच नाव राहिलं होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाला आपोआप -२ जोडलं जायचं आणि मी चुकीच्या बोर्डात शिरायचे. आता तिघांना वेगळी नावं दिली आहेत. आणखी एक, हे फक्त आपल्या घरच्या नेटवर्कवर चालवा. ऑफिसच्या किंवा शेजाऱ्यांच्या नेटवर्कवर विचारल्याशिवाय स्कॅन करू नये.

मला सर्वात जास्त आवडलेली सोय शेवटी सापडली. मॅक-व्हेंडर नावाच्या फाइलमध्ये पूर्ण मॅक अ‍ॅड्रेस लिहून पुढे आपल्याला हवं ते नाव देता येतं. आता कंपनीच्या रकान्यात "टाकी", "फोटो", "पाय-होल" असं येतं. राउटरमध्येही मॅकनुसार तिघांचे आयपी राखून ठेवले आहेत, त्यामुळे शोधायची गरज क्वचित पडते. तरी पाय ३ बी दर दहा मिनिटांनी स्कॅन करतो आणि "टाकी" सलग तीनदा नसली तर मला निरोप पाठवतो. गेल्या आठवड्यात तो निरोप आला. गच्चीवर गेले तर माकडांनी चार्जरची वायर ओढून काढलेली होती. खाली येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आकडा थांबलाय हे मला अजून दिसलंसुद्धा नव्हतं."