दोमिएचं चित्र : ३५ युरो, पाठीमागच्या मजकुरासकट

पॅरिसला लेकीकडे गेले होते, तेव्हा जुन्या छापील चित्रांच्या एका दुकानात हे घेतलं. ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकाराचं दगडावरून छापलेलं चित्र, 'ल शारिवारी' या दैनिकात १८३९ साली आलेलं. नवरा-बायकोच्या संसारावरच्या मालिकेतलं.

बायको वाचते, नवरा पँटवरून तणतणतोय. खालचा मजकूर लेकीने वाचून दाखवला. नवरा म्हणतो त्याचा मतलब असा, की ती जॉर्ज सांद (पुरुषी टोपणनावाने लिहिणारी तेव्हाची कादंबरीकार बाई) गेली खड्ड्यात, तिच्यापायी बायका पँटी शिवेनात आणि पायाखालच्या पट्ट्या उसवल्या. एक तर घटस्फोट परत आणा, नाहीतर ही लेखिका बंद करा! फ्रान्सात घटस्फोटाचा कायदा १८१६ मध्येच रद्द झाला होता, तो परत आला थेट १८८४ला. म्हणजे गड्याने मागितलं तेही मिळण्यासारखं नव्हतं.

मी डोंबिवलीत बावीस वर्षं फॉल-पिको आणि अल्टरची कामं करते, त्यामुळे माझं डोकं पट्टीतच अडकलं. तेव्हाच्या पँटींना बुटाखालून पट्टी असायची, पाय ताठ दिसावा म्हणून. माणूस खाली बसला की सगळी ओढ त्या चार टाक्यांवर. उसवणारच ती. यात सांदबाईंचा काय दोष?

दोमिए बायकांच्या बाजूचा होता असंही नाही हं. १८४४ मध्ये लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांवर त्याने चाळीस चित्रं काढली, त्यातली काही मला बोचली. राजाची टर उडवून तुरुंगात जाऊन आलेला माणूस. १८३५च्या कायद्याने राजकारणावरची व्यंगचित्रं बंद झाली, तसा लोकांच्या घरात शिरला. पण या नवऱ्यालाही त्याने सोडलेलं नाही, म्हणून हेच घेतलं.

आता मालाबद्दल. दुकानदार 'अगदी स्वच्छ' म्हणाला. घरी उजेडात धरलं तर कोपऱ्यात तांबूस डाग. सपाट द्या म्हटलं, तरी गुंडाळी करून दिली, ती सरळ व्हायला आठवडा गेला. पैसे देण्याआधी खिडकीपाशी नेऊन बघा. मागे छापील मजकूर असेल तर ती रोजच्या अंकातली प्रत, कागद पातळ, अक्षरं पुढे उमटतात. कोऱ्या पाठीच्या जाड कागदावरच्या प्रतींना जास्त पैसे पडतात. मला मागची अक्षरं आवडली. फ्रेमवाल्याला दोन्ही बाजूंनी काच लावायला सांगितली, तर "ताई, मागून कोण बघणार?" म्हणाला. लेक दिवाळीत आली की वाचून घेणार आहे.