फोटोग्राफीत 'मास्टर्स' करायला निघालात? आधी हे वाचा

ॲडमिशनचा सीझन सुरू झालाय म्हणून लिहितेय. मास्टर्सच्या नावाखाली मला फसवलेल्या संस्थेचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे, पण अशा दुकानांना तोटा नाही, वाचलं की ओळखाल.

माझं बी.एफ.ए. अप्लाइड आर्ट झालं आणि पुढे फोटोग्राफीतच शिकायचं होतं. आपल्याकडे फोटोग्राफीत खरीखुरी पीजी डिग्री देणाऱ्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. एनआयडीच्या, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनच्या गांधीनगर कॅम्पसला एम.डेस. फोटोग्राफी डिझाईन आहे, पण त्याला डॅट या प्रवेश परीक्षेची प्रिलिम्स, मग मेन्स, आणि सीट अगदीच कमी. माझं मेन्सला राहिलं. ही दुकानवाली मंडळी नेमकी अशाच पोरांवर टपून असतात. कुठल्यातरी फुकट वेबिनारला नंबर दिला होता, रिझल्ट लागला आणि फोन सुरू. 'वर्ष कशाला वाया घालवताय, आमच्याकडे मास्टर्स इन फोटोग्राफी अँड डिजिटल इमेजिंग आहे, शेवटच्या चार सीट.' ॲडमिशन बंद होईपर्यंत त्या चारच होत्या म्हणा.

फी साडेतीन लाख. बाबा म्हणाले एवढे एकदम कुठून आणायचे, तर काउन्सेलर लगेच, 'काका, टेन्शनच नको, नो कॉस्ट ईएमआय आहे, आमच्याकडूनच.' आधार, पॅन घेतलं, टॅबवर भराभर काहीतरी भरलं आणि म्हणाली ओटीपी सांगा, सीट कन्फर्म होतेय. तो ओटीपी सीटचा नव्हताच, एका फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या करारावरची माझी सही होती ती. म्हणजे सगळे पैसे संस्थेला आधीच पोचले, कर्ज माझ्या नावावर, आता कोर्स सोडा नाहीतर करा, हप्ता कापला जाणारच आणि थांबवला तर सिबिल गेलं. आरबीआयच्या नियमाने असं कर्ज देण्याआधी व्याज, चार्जेस सगळं लिहिलेलं की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. आमच्या बॅचमध्ये कुणालाच ते दाखवलं नव्हतं, ईमेलवर आलं ते पहिला हप्ता गेल्यावर.

शिकवण्याबद्दल काय बोलायचं. ब्रोशरमध्ये फाइन आर्ट प्रिंटिंग लॅब, कलर मॅनेजमेंट, सगळं. प्रत्यक्षात गोडॉक्सचे दोन फ्लॅश, त्यातल्या एकाची मॉडेलिंग लाइट गेलेली, सॉफ्टबॉक्सला चिकटपट्टी. मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचे रंग अचूक करायचं यंत्र आहे म्हणायचे, ते कपाटात, कपाटाची चावी सरांकडे आणि सर शूटवर. एकच पोर्ट्रेट शेजारशेजारच्या मॉनिटरवर उघडलं तर एकात चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा, दुसऱ्यात गुलाबी, आणि यावर आम्ही स्किन टोन करेक्शन शिकायचं!

तुळशीचं लग्न झालं आणि वर्ग संपलेच जवळजवळ. 'लाइव्ह प्रोजेक्ट' सुरू झाले. लाइव्ह प्रोजेक्ट म्हणजे सरांनी घेतलेल्या लग्नाच्या ऑर्डरी. आम्ही आपापले कॅमेरे घेऊन हळदीपासून पाठवणीपर्यंत उभे, नंतर घरी येऊन हजारो फोटो निवडायचे, लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये एडिट करायचे, अल्बम लावून द्यायचा. पार्टीकडून पैसे सर घेणार, आम्हाला जेवण आणि अटेंडन्स. फी भरून फुकट राबणारी माणसं, याहून भारी धंदा कुठला? तेच फोटो पुढच्या ब्रोशरमध्ये 'स्टुडंट वर्क'. नंतर सहज म्हणून त्या ब्रोशरमधला दिवेघाटातला वारीचा फोटो गूगल लेन्सवर टाकला तर तो एका फुकट स्टॉक फोटोच्या साइटवरचा निघाला, म्हणजे तेही आमचं नाही आणि त्यांचंही नाही.

खरा दणका नेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेचा फॉर्म भरताना बसला. मला कला महाविद्यालयात शिकवायचं होतं, व्हिज्युअल आर्ट विषय घेतला, आणि पीजीच्या रकान्यात विद्यापीठाचं नाव विचारलं. सर्टिफिकेटवर होलोग्राम आहे, सोनेरी बॉर्डर आहे, क्यूआर कोड आहे जो संस्थेच्याच साइटवर जातो. विद्यापीठ कुठेच नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यात कलम 22 आहे, डिग्री फक्त विद्यापीठ, अभिमत संस्था किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. विचारायला गेले तर उत्तर काय, 'या इंडस्ट्रीत डिग्री कोण विचारतं?' अहो मग जाहिरातीत मास्टर्स कशाला लिहिता! एका ज्युनियरला तर दुसऱ्या राज्यातल्या खाजगी विद्यापीठाचं 'टाय-अप'चं पत्र दाखवलंय. यूजीसी अशी फ्रँचायझी मान्य करत नाही, त्यामुळे त्या पत्रावर जाऊ नका.

साधा सर्टिफिकेट कोर्स वाईट नसतो, चांगल्या फोटोग्राफरकडे सहा महिने राहूनही माणूस खूप शिकतो. पण तो तसा सांगून विका ना. पैसे भरण्याआधी डिग्रीचं नेमकं नाव आणि देणाऱ्या विद्यापीठाचं नाव ईमेलवर लेखी मागा, विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, आणि ओटीपी द्यायच्या आधी एसएमएस पूर्ण वाचा, कर्ज देणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा त्यातच असतं.

आम्ही काहीजणांनी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चाललीय, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. काउन्सेलरच्या 'मास्टर्स डिग्री मिळेल' असल्या व्हॉट्सॲप मेसेजचा सगळ्यात जास्त उपयोग होतोय. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर डिलीट करू नका, तारीख आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि मला इनबॉक्स करा.