नर्स प्रॅक्टिशनर, एमपीएच की दोन्ही एकत्र?

अमेरिकेत काही वर्षं रजिस्टर्ड नर्स म्हणून काम केलं की पुढच्या शिक्षणाचा प्रश्न येतो. एमएसएन (नर्सिंगमधली पदव्युत्तर पदवी) करून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं की एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून सार्वजनिक आरोग्याकडे वळायचं? काही विद्यापीठं दोन्ही पदव्या जोडून देतात, आणि माहितीपत्रकात तोच पर्याय सगळ्यात उठून दिसतो. माझं मत आधीच सांगते: ड्युअल डिग्री थोड्याच जणींसाठी आहे, पण त्यांच्यासाठी तिला तोड नाही.

सगळ्यात मोठा फरक लायसन्सचा. नर्स प्रॅक्टिशनरचा एमएसएन झाला की राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा देता येते आणि मग राज्याचं नर्सिंग बोर्ड मान्यता देतं. त्यानंतर निदान करणं, औषधं लिहून देणं हे तुमचं काम. काही राज्यांत ते स्वतंत्रपणे करता येतं, काहींत डॉक्टरांशी करार लागतो. एमपीएचमुळे यातलं काहीच मिळत नाही. सीपीएच नावाची सार्वजनिक आरोग्याची प्रमाणपत्र परीक्षा आहे, पण ते लायसन्स नव्हे. एमपीएच केलेली नर्स रुग्णासमोर बसली तर तिचे अधिकार रजिस्टर्ड नर्सचेच राहतात. 2008च्या ज्या आराखड्यावर प्रगत नर्सिंगचं नियमन बेतलेलं आहे, त्यात 4 भूमिका (नर्स प्रॅक्टिशनर ही त्यातली एक) आणि 6 लोकसंख्या-गट आहेत. कुटुंब, बालरोग, मानसिक आरोग्य वगैरे गट त्यात आहेत, सार्वजनिक आरोग्य हा वेगळा गट नाही. त्यामुळे ‘आधी एमपीएच करते, रुग्ण तपासायचं नंतर बघू’ असं ठरवण्याआधी हे नीट समजून घ्या.

अभ्यासाचा पोतही वेगळा. एमएसएनमध्ये प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकोलॉजी आणि शारीरिक तपासणी हा पाया. त्यावर 2022च्या राष्ट्रीय मानकांनुसार किमान 750 तास थेट रुग्णसेवा. एमपीएचमध्ये साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण, पर्यावरण. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला निदान 42 क्रेडिट्स लागतात आणि प्रत्यक्ष कामाचा प्रकल्पही असतो. दम्याचं मूल वारंवार इमर्जन्सीत येत असेल, तर नर्स प्रॅक्टिशनर त्याचं इनहेलर घेण्याचं तंत्र तपासते, औषध बदलते. एमपीएचचा अभ्यास विचारतो, अशी मुलं कोणत्या इमारतींतून येतात, तिथे बुरशी आहे का, दुरुस्तीची जबाबदारी कुणाची? तुम्हाला रात्री झोपू न देणारा प्रश्न यातला कोणता, हे प्रामाणिकपणे ओळखा. पहिला असेल तर एमएसएन पुरे. फक्त दुसरा असेल तर 750 तासांचे कष्ट कशाला?

दोन्ही प्रश्न एकत्रच छळत असतील, तर तुम्ही या व्यवसायाच्या मुळाशीच आहात. लिलियन वॉल्ड या नर्सने 1893 मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित वस्तीत घरोघरी जाऊन काम सुरू केलं, तेव्हा रुग्णाची शुश्रूषा आणि वस्तीचं आरोग्य वेगळं नव्हतं. 1965 मध्ये बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत कोलोरॅडो विद्यापीठात पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या लोरेटा फोर्ड स्वतः सार्वजनिक आरोग्य नर्स होत्या. मला ड्युअल डिग्रीबद्दल आस्था वाटते ती यामुळेच.

पण आस्था वेगळी आणि वेळापत्रक वेगळं. एकत्र केल्यावर काही विषय दोन्हीकडे धरले जातात, म्हणून वेगवेगळ्या पदव्यांपेक्षा क्रेडिट्स कमी लागतात. रुग्णसेवेचे तास मात्र कमी होत नाहीत. वस्तीतलं सर्वेक्षण कितीही चांगलं केलंत तरी ते त्या 750 तासांत धरलं जात नाही. मला जास्त काळजी वाटते ती नंतरच्या काळाची. नव्या नर्स प्रॅक्टिशनरचा हात पहिल्या दोन-तीन वर्षांत, भरपूर रुग्ण पाहूनच बसतो. पदवीनंतर थेट आरोग्य खात्यातली टेबलावरची नोकरी धरली, तर तो बसायच्या आधीच सुटतो. प्रमाणपत्राचंही भान ठेवा: एएएनपी या नर्स प्रॅक्टिशनरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणन मंडळाकडे दर 5 वर्षांनी नूतनीकरणासाठी 1,000 तासांचं क्लिनिकल काम आणि पूरक शिक्षण दाखवावं लागतं, नाहीतर परीक्षा पुन्हा.

म्हणून बहुतेकींना मी टप्प्याटप्प्याचा रस्ता सुचवेन. आधी एमएसएन, काही वर्षं प्रॅक्टिस, मग नोकरी सांभाळून ऑनलाइन एमपीएच. तोवर कोणता साथरोगाचा किंवा धोरणाचा प्रश्न सोडवायचाय हेही ठरलेलं असतं. डीएनपीचाही (नर्सिंगमधली डॉक्टरेट) विचार करावा. त्यात लोकसंख्येचं आरोग्य अभ्यासाचा भाग असतं, मात्र साथरोगशास्त्र आणि सांख्यिकीची खोली एमपीएचइतकी सहसा नसते. दुर्गम भागातलं क्लिनिक चालवायचं, तिथल्या नोंदींवरून कार्यक्रम आखायचे, त्यासाठी निधीचे प्रस्ताव लिहायचे, हे सगळं ज्यांना पहिल्या दिवसापासून करायचंय, त्यांनी थेट ड्युअल डिग्री घ्यावी.

कर्जाचा हिशेब आधीच करा. अमेरिकी सरकारच्या नर्स कोअर योजनेत आरोग्य कर्मचाऱ्यांचा तुटवडा असलेल्या केंद्रात 2 वर्षं काम केल्यास नर्सिंग शिक्षणाच्या पात्र कर्जाचा 60 टक्के भाग फेडला जातो, पण निवड स्पर्धेतून होते.

अर्ज करण्यापूर्वी दोन्ही विभागांना स्वतंत्रपणे विचारा: प्रवेश वेगवेगळा घ्यावा लागतो का, कोणत्या सत्रात कुणाची फी, क्लिनिकलची जागा विद्यापीठ शोधून देतं की तुम्हाला शोधावी लागते, आणि मध्येच एक पदवी सोडली तर दुसरीची किती क्रेडिट्स टिकतात. उत्तरं लेखी घ्या.