कागदी लिंबाच्या मापाचा स्क्वीझर, टकिलासाठी घेतला आणि रोजचा झाला

लिंबू पिळायला हातच पुरे असं माझं मत होतं, पण घरी टकिला, म्हणजे मेक्सिकोची दारू, आणि लिंबाचं कॉकटेल करायची आवड लागली आणि चौघांसाठी आठ लिंबं पिळायची वेळ आली की मनगट भरून येतं, म्हणून वर्षभरात तीन स्क्वीझर घरात आले आणि त्यातला तिसरा टिकला. त्याच्याबद्दल लिहितेय.

पहिला ऑनलाइन मागवलेला, अ‍ॅल्युमिनियमवर पिवळा रंग चढवलेला, दिसायला एकदम भारी. दोन महिन्यांत आतला रंग पोपडे धरून निघायला लागला आणि एकदा ग्लासात पिवळा कपचा तरंगताना दिसला, त्या दिवशी फेकला. लिंबाचा आंबटपणा उघड्या अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि ते रसात उतरतं, त्यामुळे रंग गेला की असा स्क्वीझर वापरूच नका. कंपनीला मेल केला तर रिटर्नची मुदत संपलीय एवढंच उत्तर आलं, खूप राग आला. दुसरा प्लॅस्टिकचा, त्याचा दांडा तिसऱ्याच दिवशी तुटला.

हा तिसरा पायधुनीला तांबाकाट्यावर भांड्यांच्या दुकानात मिळाला. अख्खा स्टीलचा, हातात घेतला की वजन कळतं, ३५० रुपये. दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "ताई, लिंबू आपलं पिळणार की ते मोठं पिवळं?" तिथेच सगळं आलं. बरेच स्क्वीझर मोठ्या लेमनच्या मापाचे असतात, आपलं कागदी लिंबू त्यात नुसतं लोळतं, वरचा घुमट सालीला नीट टेकत नाही आणि अर्धा रस आतच राहतो. ह्याची वाटी लहान आहे, दाबलं की साल आतली बाहेर होऊन निघते, सदरा उलटा काढल्यासारखी, आणि रसाचा थेंब उरत नाही. भोकं बारीक असल्याने बी खाली पडत नाही.

एक मात्र नक्की करा, लिंबू आधी कट्ट्यावर तळहाताखाली दाबून लोळवा, आडवं कापा आणि कापलेली बाजू खाली, भोकांकडे ठेवा. आकार बरोबर बसतो म्हणून बहुतेक जण साल खाली ठेवतात, मी पण तसंच करायचे, मग रस वर उडतो, डोळ्यात जातो आणि लोक म्हणतात स्क्वीझर बेकार आहे.

आणि कागदी लिंबूच घ्या. सुपरमार्केटमध्ये ती मोठी, बिनबियांची, इम्पोर्टेड लाइम मिळतात ना, त्यांच्या मागे लागायची काही गरज नाही, कारण मेक्सिकन लाइम म्हणतात ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं, मूळ आशियातलं, स्पॅनिश लोकांनी पुढे तिकडे नेलं. म्हणजे परळच्या भाजीवाल्या मावशींकडून घेतलेलं लिंबू टकिलाला अगदी घरचंच. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. बाटलीतला लिंबाचा रस वापरून पाहिला, त्यात तो सालीचा वास येतच नाही.

माझं माप ६० मिली टकिला, ३० मिली रस म्हणजे साधारण दोन लिंबं, आणि १५ ते २० मिली साखरेचा पाक, साखर आणि पाणी समसमान. साखर तशीच घालू नका, थंडगार टकिलात ती तळाशीच बसते. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी, लोणच्याची मात्र नको. भरपूर बर्फ घालून बरणी हाताला बोचेल इतकी गार होईपर्यंत हलवायची. ग्लासच्या कडेला जाडं मीठ खलबत्त्यात जरा कुटून लावा, बारीक मीठ फार खारट लागतं. ह्या कॉकटेलचं मूळ रूप म्हणजे मार्गारिटा, त्यात संत्र्याचं लिकर, म्हणजे गोड दारू, असतं, मी ते घालत नाही, घरात एवढ्यासाठी दुसरी महागडी बाटली कोण आणणार, आणि उकाड्यात हे असं हलकंच बरं वाटतं. टकिला अगावे नावाच्या झाडापासून बनते, म्हणून घेताना लेबलवर १००% अगावे लिहिलंय का बघा, तसं नसेल तर त्यात अगावेची साखर ५१% इतकीच असू शकते, बाकी दुसरी कुठलीतरी, आणि एवढ्या साध्या ड्रिंकमध्ये तो फरक लगेच जिभेला कळतो. लिंबाबरोबर पांढरी, ब्लांको किंवा सिल्व्हर घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात ह्यासाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिटही लागतं, ते विसरू नका.

दुपारी गच्चीवर किंवा गॅलरीत पार्टी असेल तर लिंबं पिळून झाल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, हे कळकळीने सांगतेय. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. माझ्या नणंदेच्या हातावर असा पट्टा उठला होता, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, लिंबू पिळलं होतं का.

आता तर सासूबाई पोह्यांवर आणि सरबताला हाच वापरतात, त्यांच्या बोटांना सांधेदुखी आहे आणि इतकी वर्षं पोह्यांवर लिंबू पिळून द्यायला त्या कोणालातरी हाक मारायच्या, आता मारत नाहीत.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बिजागरीच्या खिळ्यासाठी, बाकी सगळं स्टील आणि तेवढाच लोखंडाचा निघाला, मुंबईच्या पावसाळ्यात त्याला तांबेरा चढला. धुतल्यावर लगेच पुसून खोबरेल तेलाचा एक थेंब सोडते, तेव्हापासून दांडा परत मऊ चालतोय.