गाडीतला ऑडिओ की घरातला स्पीकर: छंदाचा व्यवसाय करताना

स्वतःच्या गाडीचे दरवाजे तीनदा खोलून झाले, चार मित्रांच्या गाड्या करून दिल्या, डीएसपी या आवाज घडवणाऱ्या डिजिटल यंत्रावरचे टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरांचा आवाज कानाशी एकाच वेळी पोहोचवणे) नुसत्या कानाने लावता येऊ लागले आणि नोकरी सोडून यातच काही करावे असे मनात घोळू लागले, की पुढे दोन वाटा दिसतात. गाडीतल्या ऑडिओचे दुकान थाटणे ही एक आणि घरी ऐकण्याचे स्पीकर स्वतः आखून, बांधून विकणे ही दुसरी. पुण्यात पहिल्या वाटेवर मी नऊ वर्षे काढली आणि दुसरीवर आता सातवे वर्ष चालू आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही. परंतु पहिल्या वाटेने माझे घर चालवले आहे, तेव्हा तिच्याविषयी कृतघ्नपणे लिहिण्याचा हेतू नाही.

ही दोन्ही कामे एकाच विद्येची आहेत, असा माझाही समज होता. माझ्या गाडीच्या डिकीत दहा इंची सबवूफरचा एक बंद बॉक्स होता आणि त्याचा मला अतोनात अभिमान होता. एका दिवाळीत गाडी रंगकामाला दिली होती, म्हणून तो बॉक्स वर आणून हॉलमध्ये लावला. ॲम्प्लिफायर तोच, गाणे तेच, पण डग्ग्याचा जो घुमारा गाडीत पाठीत शिरत असे, तो कुठल्या कुठे गेला. दोन दिवस मी तारा उलटसुलट करून पाहिल्या. कारण अगदी साधे होते. गाडीच्या बंद केबिनमध्ये साधारण ६० हर्ट्झच्या खाली लहरींची लांबी केबिनच्या दुपटीपेक्षा मोठी होते, तेव्हा आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदमच वरखाली होऊ लागतो आणि कागदावरच्या हिशेबाने दर सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत फुकट पदरात पडतात. बंद बॉक्सचा आवाज त्याच पट्ट्यात दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत असतो. म्हणजे माझ्या बॉक्सची उणीव गाडी भरून काढत होती आणि कौतुक मी करून घेत होतो.

स्पीकरला केवढा बॉक्स लागेल हे सांगणारे थील आणि स्मॉल यांचे आकडे दोन्हीकडे तेच असले, तरी गाडीत बॉक्सचे लिटर बहुतेक वेळा स्टेपनी आणि ग्राहकाच्या सामानातून उरलेल्या जागेवरून ठरतात. घरच्या स्पीकरचे लिटर आपण ठरवतो. हे स्वातंत्र्य वाटते तितके सुखाचे नाही, कारण मग सबब सांगायला गाडी नसते.

सगळ्यात मोठा फरक क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देण्यात आहे आणि तिथे गाडीवाल्याची फजिती होते. गाडीत प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे एकेका सुट्या स्पीकरला, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा चॅनेल मिळतो. क्रॉसओव्हर चुकला तर लॅपटॉपवर रेघ सरकवून तो दुरुस्त होतो. घरच्या ग्राहकाकडे एक आवडता ॲम्प्लिफायर असतो, त्यातून प्रत्येक बाजूला दोनच तारा येतात आणि पुढचा सगळा न्याय बॉक्सच्या आतल्या कॉइल आणि कपॅसिटर यांनी करायचा असतो. शिवाय पुढची फळी २० सेंटिमीटर रुंद असेल, तर ५७५ हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज फळीला वळसा घालून मागे जाऊ लागतो आणि समोर बसलेल्याला तो सहा डेसिबलपर्यंत कमी मिळतो. दारात बसवलेल्या स्पीकरला हा प्रश्न या रूपात कधी पडत नाही, म्हणून नऊ वर्षांच्या अनुभवानंतरही माझी पहिली जोडी किरकिऱ्या आवाजाची झाली. डीएसपी वापरून घरचेही स्पीकर ॲक्टिव्ह, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा ॲम्प्लिफायर देणारे, करता येतात आणि गाडीतून येणाऱ्याला ते सोपेही जाते. मात्र ज्याने ॲम्प्लिफायरवर स्पीकरइतकेच पैसे घातले आहेत, त्याला तो कपाटात ठेवायला सांगणे जड जाते.

कॉइल करून घ्यायला मी बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे गेलो होतो. इनॅमलची तार, वेढे आणि बॉबिनचे माप असे सगळे लिहून नेले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “साहेब, कोअर घरी विसरलात का?” लोखंडी गाभा नसलेली, हवेची कॉइल त्यांना पटली नाही, पण त्यांनी ती इतकी घट्ट आणि एकसारखी गुंडाळून दिली की कॉइल मोजायच्या एलसीआर मीटरवर दोन्ही बाजूंच्या कॉइलमध्ये एका टक्क्याचाही फरक दिसला नाही. ही माणसे अजून शहरात आहेत, तोवर हा धंदा करण्यासारखा आहे असे मला वाटते.

मोजमापाची पद्धतही बदलते. गाडीत मायक्रोफोन डोक्याच्या जागेभोवती फिरवून सरासरी काढली की काम भागते, कारण ऐकणारा तिथेच बसणार असतो. घरच्या स्पीकरला खोलीपासून वेगळा करून मोजावे लागते. आरईडब्ल्यू हा मोजमापाचा प्रोग्राम फुकट मिळतो, पण शांत जागा फुकट मिळत नाही. स्पीकर जमिनीपासून १.२ मीटर आणि मायक्रोफोन त्याच उंचीवर एक मीटर अंतरावर ठेवला, तर जमिनीवरून परतलेला आवाज थेट आवाजामागून पावणेपाच मिलिसेकंदांत येऊन धडकतो आणि साधारण २१० हर्ट्झच्या खालच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मी सोसायटीच्या गच्चीवर दुहेरी शिडीच्या घोड्यावर स्पीकर चढवून पहाटे साडेचारला मोजतो. पहिल्या वर्षी वॉचमनने चोर समजून खालून टॉर्च मारला होता. आता तो शिडी धरतो.

पैशाच्या बाजूने पाहिले तर दुकानाचे पारडे निःसंशय जड आहे. दसरा, दिवाळीचा पाडवा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या चार दिवसांच्या आगेमागे नव्या गाड्या येतात आणि संध्याकाळी गल्ल्यात रोख असते. पितृपंधरवड्यात मात्र दुकानात माशा माराव्या लागतात, पण तेवढी विश्रांती हवीच असते. स्पीकरच्या कामात निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली दोन-तीन महिन्यांनी, आणि पुढचा ग्राहक कुणीतरी कुणाकडे ऐकून येईल तेव्हा, असा मामला असतो. पहिल्या वर्षी माझ्या चार जोड्या गेल्या आणि त्यांतली एक मेहुण्याने घेतली. नॉर्वेचे सीआस, डेन्मार्कचे स्कॅन-स्पीक किंवा इंडोनेशियाचे एसबी अकूस्टिक्स यांचे ड्रायव्हर मागवायचे, तर ते पैसे आपले आधी अडकतात. एवढे वाचून कुणी दुकान निवडले, तर त्याला चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तरीही मी दुकान सोडले, त्याचे कारण खडखड.

गाडीच्या दारात चांगला मिडबास (मधल्या-खालच्या सुरांचा स्पीकर) बसवला, थरथर शोषणाऱ्या ब्यूटाइलच्या शीट आत-बाहेर चिकटवल्या, भोके बंद केली, की दार पहिल्यांदाच स्पीकरच्या बॉक्ससारखे वागू लागते आणि पहिल्यांदाच त्याला लागलेली प्रत्येक वस्तू बोलू लागते. ट्रिमच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) प्लास्टिक क्लिपा, काचेची रेल, कुलपाची सळई, नंबरप्लेट. यांतली एकही मी बनवलेली नसते. चिंचवडचे एक गृहस्थ सेडान घेऊन माझ्याकडे पाच वेळा आले. एका ठरावीक गाण्यात, एका ठरावीक स्वरावर, डावीकडून कुठूनतरी खर्रर्र असा आवाज येई. पहिल्या खेपेला मी क्लिपा बदलल्या. दुसऱ्या खेपेला कुलपाच्या सळईला फोमची पट्टी गुंडाळली. तिसऱ्या खेपेला नंबरप्लेटच्या मागे रबर घातले, चौथ्या खेपेला अख्खी ट्रिम काढून पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी दुकानात आवाज थांबे आणि आठवड्याने फोन येई. पाचव्या खेपेला मी स्वतः मागच्या सीटवर बसलो, त्यांना सावकाश चढत जाणारा सूर लावायला सांगितला आणि डोळे मिटून हात फिरवत राहिलो. मागच्या दाराच्या खणात, गाडी पुसायच्या फडक्याखाली, त्यांच्या वडिलांचा अडकित्ता होता. वडील गाडीत असले की तो त्या खणात असे. दुकानात गाडी देताना हे गृहस्थ तो घरी काढून ठेवत आणि त्या दिवशी विसरले होते.

मी अडकित्ता हातात दिला तेव्हा ते गृहस्थ ओशाळले नाहीत. शांतपणे म्हणाले, “पण तुमच्याकडे यायच्या आधी हा कधी वाजत नव्हता.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हाच खरा त्रास होता. आपण ज्या गाडीला एकदा हात लावतो, तिच्यात पुढे जे जे होईल त्याच्याशी आपला संबंध जोडला जातो. सेंट्रल लॉक अडले तरी आपण, एसी कमी थंड करतो तरी आपण, चौदा महिन्यांनी बॅटरी बसली तरी आपण. आता तर पडदा, कॅमेरा आणि एसी हे सगळे एकाच कारखानी यंत्रणेत गुंतलेले असते, ते बदलताही येत नाही. मूळ वायरिंगला चिमटा लावला की वॉरंटीचा वाद आपल्या दारात येतो. हे ज्यांना हसून झेलता येते असे दुकानदार मी पाहिले आहेत आणि ते माझ्यापेक्षा सुखी आहेत. मला रात्री झोप लागेनाशी झाली.

याच्या उलट अनुभव तिसऱ्या जोडीच्या वेळी आला. ग्राहकाचा फोन आला की डावा स्पीकर हार्मोनिअमच्या एका स्वरावर गुणगुणतो. मी गेलो, वूफरचे सहा स्क्रू काढले, आत पाहिले तर क्रॉसओव्हरकडून येणारी तार बॉक्समध्ये हवा खेळायला ठेवलेल्या पोर्टच्या नळीला टेकत होती. ती मीच तशी सोडली होती. झिप टाय लावला, वूफर परत बसवला, चहा घेतला आणि निघालो. वीस मिनिटांत विषय संपला. दोष पूर्णपणे माझा होता आणि तरी घरी परतताना मला हलके वाटत होते.

स्पीकरच्या धंद्यालाही त्याचे ताप आहेतच. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या) फळ्यांच्या कडा पावसाळी हवेत पाणी ओढून फुगतात, म्हणून कापल्या कापल्या सील कराव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये सागाच्या व्हिनिअरवर मेलामाइन पॉलिश मारले की दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक धरते, आणि माझा पॉलिशवाला तर नारळी पौर्णिमेपर्यंत फोनच उचलत नाही. कुरिअरने पाठवलेल्या २२ किलोच्या खोक्याचा कोपरा चेपला, तर अख्खी बाजू नव्याने करावी लागते. आणि कधी कधी बॉक्स ठीक असतो, पण ग्राहकाच्या हॉलमध्ये संगमरवरी फरशी, काचेचे टीपॉय आणि उघड्या भिंती असतात. तिथे जाड सतरंजी सुचवताना आपण स्पीकर विकतो आहोत की सतरंजी, असा प्रश्न पडतो.

बॉक्स बांधणारा माणूस म्हटला की गणपतीआधी मंडळाची मुले येतात, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे ज्या भिंतीला डॉल्बी म्हणतात तिचा त्या नावाच्या कंपनीशी काही संबंध नसला, तरी तिचे बॉक्स बांधून देण्यात पैसा लवकर मिळतो. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि ती मिरवणुकीत कितपत पाळली जाते, हे आपण सगळे जाणतो. मी ते काम घेतले नाही. घेणाऱ्यांना नावे ठेवण्याचीही माझी इच्छा नाही.

गाडीत घालवलेली वर्षे वाया जातात असे मात्र मुळीच समजू नये. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात केलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर पुढे घराघरांत पूजला गेला, पण मूळचा तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये, दाटीवाटीत बसून ऐकण्यासाठी आखलेला होता. कमी जागेत, जवळून, अडचणीच्या कोनातून ऐकण्याची सवय गाडीवाल्याच्या कानाला आधीच असते. नोकरी करून हौस भागवणाऱ्याने एकदम दोर कापू नयेत, असे मला वाटते. मी दोन वर्षे शनिवार-रविवार गाड्या केल्या आणि मधल्या दिवसांत स्पीकर बांधले, म्हणून निभावले. ज्याला माणसांची वर्दळ आवडते, हिशेब रोजच्या रोज मिटलेला बरा वाटतो आणि अडकित्त्याची गोष्ट वाचून नुसते हसू आले, त्याने दुकानच काढावे. ज्याला ती वाचताना घशात काही अडकल्यासारखे झाले, त्याने निदान एक जोडी बांधून पाहावी आणि ती विकण्याआधी एखाद्या पावसाळाभर अशा घरी ठेवावी, जिथे ऑडिओतले कुणालाच काही कळत नाही.

माझी ती किरकिरी पहिली जोडी, क्रॉसओव्हर चारदा बदलल्यानंतर, शेजारच्या मावशींकडे गेली. त्या तिच्यावर रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐकतात आणि निवेदक मधेच पान उलटतो ते ऐकू येते, एवढी त्यांची एकच तक्रार आहे.