सोसायटीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फोडून तीन केले: लोकसभेपासून महापालिकेपर्यंतच्या वापराचा अनुभव

आमच्या नवी मुंबईतल्या घणसोलीच्या सोसायटीत ही व्यवस्था २०२४च्या लोकसभा निवडणुकीनंतर सुरू झाली आणि जानेवारी २०२६ची महापालिका निवडणूक पार पडेपर्यंत तिची पुरती परीक्षा झाली. मधल्या काळात विधानसभा झाली, पहिलीपासून हिंदीचा वाद झाला, नवी मुंबई विमानतळाच्या नावाची जुनी धुसफूस पुन्हा वर आली. इमारतीत राहणाऱ्या काही भाडेकरूंच्या रंगावरून आणि चेहऱ्यावरून जे बोललं गेलं ते वेगळंच. आसपासच्या सोसायट्यांचे सचिव अधूनमधून विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. मी समितीत आहे आणि तिन्ही ग्रुपच्या ॲडमिनपैकी एक आहे.

आधीची परिस्थिती सांगते. ऐरोली आणि बेलापूर हे दोन्ही भाग ठाणे लोकसभा मतदारसंघात येतात. २० मे २०२४ला मतदान झालं तेव्हा समोरासमोर होते नरेश म्हस्के आणि राजन विचारे, दोघेही एकाच शिवसेनेत वाढलेले. त्यामुळे आमच्याकडचं भांडण कुठल्या लांबच्या विचारसरणीचं नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच शाखेत बसलेली, एकाच मंडळात वर्गणी काढलेली माणसं एकमेकांना गद्दार म्हणत होती. सकाळी सहापासून फॉरवर्ड सुरू व्हायचे. त्या ढिगाखाली मोरबे धरणाच्या जलवाहिनीचं काम आणि पाणी बंदची सूचना गेली, कोणी वाचली नाही, आणि दोन विंगच्या टाक्या कोरड्या पडल्या. ग्रुप फोडायचा ठराव मंजूर झाला तो त्या कोरड्या टाक्यांमुळे. सलोख्यासाठी कोणी हात वर केला नव्हता, हेही नोंदवते.

व्यवस्था अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी उघडली. तिच्या सूचना ग्रुपवर फक्त समिती लिहिते. दुसरा ‘काम’: गळती, लिफ्ट, पार्किंग, कचरा, तक्रारी. तिसरा ‘कट्टा’, ज्याला हवं त्याने यावं, तिथे राजकारण चालेल. रात्री अकरा ते सकाळी सात कट्टा बंद, म्हणजे सेटिंग बदलून फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं ठेवायचं.

नियम दोनच. कट्ट्यावर फॉरवर्ड टाकायचा नाही, जे म्हणायचं ते स्वतःच्या शब्दांत लिहा किंवा बोलून पाठवा. आणि कुठल्याही ग्रुपवर शेजाऱ्याबद्दल लिहिताना त्याचा प्रांत, धर्म, जात, रंग, खाणं लिहायचं नाही. फ्लॅट नंबर, वेळ आणि काय घडलं एवढंच.

सूचना ग्रुपबद्दल फार सांगण्यासारखं नाही, उत्तम चालतो. एक गोष्ट मात्र कामाची: तिथे सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनना दिसतात. एकट्या राहणाऱ्या मुलींना याचा मोठा आधार वाटला.

पहिल्या नियमाला सगळ्यात जास्त विरोध झाला. ‘आम्ही फक्त पुढे पाठवलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याच्या उत्तरादाखल मी एकच घटना सांगते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाइलवर फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणारी, अंगावरच्या कपड्यांनी वेगळी दिसणारी ही मंगळवेढ्याकडची माणसं बाजारात आली आणि संपली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२०पासून खूप वेळा पुढे गेलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्या दुहेरी बाणाकडे आमच्याकडे आता लोक बघतात. तो दिसला की ॲडमिन काढून टाकतो, चर्चा नाही.

फॉरवर्ड गेल्याने काय उरलं, याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण विमानतळाचं. २०२१मध्ये नाव कोणाचं द्यायचं, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील की बाळासाहेब ठाकरे, यावरून आमचा जुना ग्रुप पेटला होता. २४ जूनला सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, सिडको भवनाला घेराव झाला तेव्हा दोन्ही बाजूंनी नुसती पोस्टरं येत होती. आगरी-कोळी घरं एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या, आणि ‘गावठाणवाले’ असा कुत्सित उल्लेखही झाला होता. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा विषय परत निघाला. पण या वेळी पोस्टर टाकता येत नव्हतं. मग सी विंगमधल्या एका काकांनी मोठं लिहिलं. त्यांच्या वडिलांची भातशेती कुठे होती, आता तिथे कुठला सेक्टर आहे, १९७०नंतर सिडकोसाठी पंच्याण्णव गावांची जमीन कशी गेली, १९८४च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याला झालेल्या गोळीबारात पाच जण कसे गेले आणि त्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना कशी आली. काकांचं लिखाण सफाईदार नव्हतं. पण दहा-पंधरा वर्षं इथे राहणाऱ्या कितीतरी घरांना आपण कोणाच्या शेतावर राहतो हे पहिल्यांदा कळलं. ज्यांना बाळासाहेबांचंच नाव हवं होतं त्यांचं मत बदललं असं नाही. त्यांनी प्रश्न विचारले, काकांनी उत्तरं दिली, आणि ‘गावठाणवाले’ हा शब्द परत कोणी लिहिला नाही. स्वतःच्या शब्दांत लिहिणारा माणूस उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो, त्याच्या वाक्याला त्याचं तोंड असतं. फॉरवर्डला ते नसतं. ही व्यवस्था ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती हीच, असं माझं मत झालं आहे.

विरुद्ध मतं नुसती समोर आणून ठेवली की माणसं समजूतदार होतात, असं मात्र समजू नका. अमेरिकेत २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध पक्षाचे संदेश वाचायला लावले होते. रिपब्लिकन मंडळी महिन्याअखेर आधीपेक्षा जास्त कडवी झाली. डेमोक्रॅट्समध्ये फारसा फरक दिसला नाही, पण ते विरुद्ध बाजूकडे सरकलेही नाहीत. तिथे समोर होते अनोळखी नेते आणि त्यांचे संदेश. कट्ट्यावर समोर शेजारी आहे. विधानसभेला ऐरोलीत वडील गणेश नाईक भाजपकडून आणि शेजारच्या बेलापुरात मुलगा संदीप नाईक शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते. त्यावर कट्ट्यावर आठवडाभर वाद झाला, आवाज चढले, दोघे जण ग्रुप सोडून गेले. पण वाद उमेदवारांवर राहिला, शेजाऱ्याच्या घरापर्यंत आला नाही. मला तेवढं पुरे होतं.

आता दुसरा नियम. हा लिहिताना मला सगळ्यात जास्त काळजी होती आणि अजूनही आहे.

आमच्याकडे नायजेरियाचं एक जोडपं भाड्याने राहतं, तयार कपड्यांच्या व्यापारात आहेत. मणिपूरच्या दोन परिचारिका राहतात. नवी मुंबईत अमली पदार्थांच्या किंवा व्हिसा संपल्याच्या प्रकरणात आफ्रिकी नागरिकांवर कारवाई झाल्याची बातमी आली की जुन्या ग्रुपवर व्हिडिओ यायचा आणि खाली ‘आपल्याकडचे पण बघा’. त्या जोडप्याच्या घरमालकाने परदेशी नागरिकासाठीचा सी फॉर्म चोवीस तासांत भरलेला, नोंदणीकृत करार झालेला, पोलिसांकडे माहिती दिलेली. तरी गेटवर त्यांनाच थांबवलं जायचं. पुढे ‘परदेशी भाडेकरू नकोत’ असा ठराव करा म्हणून सह्या गोळा झाल्या. समितीने आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांचे नमुना नियम, वाचून दाखवले. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. घर भाड्याने दिल्यावर मालकाकडून घेतलं जाणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ठराव तिथेच थांबला, नाराजी थांबली नाही.

नवीन नियमानंतर ‘काम’ ग्रुपवर पहिली तक्रार आली ती ‘ते काळे लोक रात्री आरडाओरडा करतात’ अशी. मेसेज काढला आणि खासगीत कळवलं की फ्लॅट, वेळ, घटना लिहून परत टाका. त्यांनी टाकलं: रविवारी रात्री दहानंतर मोठ्याने गाणी. तक्रार खरी होती. प्रार्थनेची मंडळी जमत होती. इतर कोणालाही देतो तशी सूचना दिली, दहाला आवाज बंद व्हायला लागला, विषय संपला. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी मात्र परत आल्याच नाहीत. ‘लिफ्टमध्ये भीती वाटते’, ‘मुलांवर काय परिणाम होईल’. त्यात घटना नव्हती, त्यामुळे लिहायला काही उरत नव्हतं. ती भीती गेली असं मी म्हणणार नाही. जिन्यात ती अजून ऐकू येते. सून सावळी आहे म्हणून बारशाला कुजबुज करणाऱ्या आपल्या घरांमध्ये ती एका नियमाने जाणारही नाही. पण ती आता सोसायटीच्या नावाने, सगळ्यांच्या फोनवर छापून येत नाही, आणि त्या जोडप्याच्या शाळकरी मुलीला वाचावी लागत नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

परिचारिकांबद्दल तक्रार वासाची होती. मणिपुरी स्वयंपाकात ङारी नावाचा सुकवून आंबवलेला मासा असतो. ‘ईशान्येकडचे लोक काहीही शिजवतात’ असं एकाने लिहिलं. मेसेज निघण्याआधीच तळमजल्यावरच्या आजींचा आवाजी निरोप आला. आजी घणसोली गावातल्याच. आमच्या सुक्या बोंबलांचा, सोड्यांचा वास आला म्हणून याच इमारतीत माझ्या दारावर लोक आले होते, ते विसरलात का, असं त्यांनी आगरीत ठणकावून विचारलं. पुढच्या आठवड्यात त्या वर जाऊन ङारी चाखून आल्या. फार खारट नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. आता त्या मुलींच्या घरची एक चावी आजींकडे असते.

असा नियम सोसायटीने करायची गरज का, हा प्रश्न सभेत आला होता. २०१२च्या ऑगस्टमध्ये अफवांचे एसएमएस फिरले आणि बंगळुरू, पुण्यातून ईशान्येकडची हजारो माणसं रेल्वे भरभरून गावी निघाली. सरकारला पंधरा दिवस घाऊक एसएमएसवर बंदी घालावी लागली. २०१४च्या जानेवारीत अरुणाचलचा निदो तानिया दिल्लीत केसांवरून झालेल्या टिंगलीनंतरच्या मारहाणीत गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंड संहितेत दोन नवी कलमं सुचवली. ती आली नाहीत. १ जुलै २०२४पासून संहिताच बदलली, तरी तसं वेगळं कलम नाही. मग निदान स्वतःच्या दारात तरी नियम असावा, एवढंच माझं म्हणणं.

नियमाची खरी ओढाताण झाली २०२५च्या उन्हाळ्यात. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले, आणि लगेच मीरा रोडच्या दुकानदाराला मारहाणीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मला स्वतःला पहिलीपासून हिंदी मान्य नव्हती आणि मी ते कट्ट्यावर स्पष्ट लिहिलं. इथे राहणाऱ्याने मराठी शिकावी असंही माझं ठाम मत आहे. पण आमच्या सुरक्षारक्षकाला, जो जौनपूरचा आहे, तो व्हिडिओ दाखवून ‘बोल मराठीत’ म्हणणं ही मराठीची सेवा नाही. दोन्ही बाजूंचे मेसेज त्या दिवसांत सर्वांत जास्त काढावे लागले आणि दोन्ही बाजूंनी आम्हाला पक्षपाती ठरवलं. त्यातून निघालेली एकच चांगली गोष्ट म्हणजे क्लब हाउसमधले रविवारचे मराठी वर्ग. सुरक्षारक्षक येतो, बी विंगमधल्या तमिळ मामी येतात, नायजेरियन बाई दोनदा आल्या.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. कट्ट्यावर लिहिणारे बहुतेक पुरुष आणि निवृत्त. बायका वाचतात, लिहीत नाहीत. नियम न पटलेल्यांनी आपला बाजूचा ग्रुप काढला आहे, तिथे जुनंच चालतं, आणि त्यावर आपला काही इलाज नाही. मेसेज काढायचं काम रोजचं आहे, थकवतं. ॲडमिन व्हायला लोक घाबरतात, त्यांच्यासाठी सांगते: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं आहे की सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे गुन्हेगारी जबाबदारी येत नाही, समान हेतू किंवा आधीची आखणी दिसावी लागते. ग्रुप सोडला की आता फक्त ॲडमिनना कळतं. कट्टा ऐच्छिक ठेवायला हे फार उपयोगी पडलं, कारण रुसून गेलेला माणूस गाजावाजा न होता परत येऊ शकतो.

लहान, पंचवीस-तीस घरांच्या इमारतीला हे तीन ग्रुप जड होतील. तिथे फॉरवर्डबंदीचा एक नियम लावून बघा. मोठ्या आणि भाडेकरू जास्त असलेल्या सोसायट्यांनी मात्र तक्रारीचा नियम आधी लावावा, निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता.

आमच्याकडची एक मोठी उणीव अजून तशीच आहे. भाडेकरू ‘काम’ ग्रुपवर आहेत, कट्ट्यावर नाहीत, कारण मूळ ठरावात ‘सभासद’ असा शब्द होता. म्हणजे ज्यांच्याबद्दल सर्वाधिक बोललं जातं, त्यांना तिथे बोलता येत नाही. ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी दुरुस्तीचा ठराव मी दिला आहे, आजींनी अनुमोदन दिलं आहे. विरोध होणार, हे सह्यांच्या जुन्या कागदावरून दिसतंच आहे.